उजव्या डोळ्यातली पाखरं

दातावर बसलेलं चिलट मी ब्रशच्या टोकानं उडवलं, ते परत येऊन बसलं. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. दात माझ्या चिमट्यात होता, कुणा अनोळखी बाईसाठी घडवलेला वरचा पुढचा, अजून शेवटच्या भट्टीत न गेलेला, आणि खिडकीच्या उजेडात मी त्याच्या कडेला किंचित निळसर झाक चढवत होते. शेजारच्या टेबलावर बेंजा बसते, माझ्या निम्म्या वयाची. तिला म्हटलं, "अगं, चिलटं फार झालीत आज." बेंजानं मान वर करून दाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कुठायत चिलटं, मावशी? खिडक्या बंद, एसी चालू. काल जरा जास्त झाली वाटतं." मी दारूला शिवत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच ती असलं बोलते. मी दात खाली ठेवला आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. चिलट भिंतीवर होतं. नजर डावीकडे नेली तर तेही डावीकडे आलं, जरा रेंगाळत. नजर थांबवली तर थोडं पुढं घसरलं आणि मग पंख न हलवता सावकाश खाली उतरू लागलं. मला तेव्हा भीती वाटली नाही, हे चांगलं आठवतंय. मला आधी वाटलं, मोहोळघार. लांबवरची, उंचावरची, समुद्राच्या बाजूनं येणारी. मग लक्षात आलं की आपण बँकॉकमध्ये आहोत, वोंगवियान याई चौकाच्या मागच्या गल्लीत, आणि समोर भिंत आहे.

माझं सगळं आयुष्य पांढऱ्यात गेलं. खोटे दात करणाऱ्या या कारखान्यात मी लागले तेव्हा माझे स्वतःचे दात दुधासारखे होते. पांढऱ्यात किती पांढरे असतात ते लोकांना माहीत नसतं: चहा पिणाऱ्याचा वेगळा, सिगारेट ओढणाऱ्याचा वेगळा, बाळंतपणानंतर बाईच्या दातांना येतो तो तर अगदीच वेगळा. दंतवैद्य फोटो पाठवतात, नंबर पाठवतात, आणि शेवटी 'एकदा ऑरापिनबाईंना दाखवा' म्हणतात. याचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू. त्याहून मोठा गर्व टेकडीवरचा. दहाव्या महिन्यातली पितरं घरोघर जेवून परत गेली की उत्तरेकडची शिकारी पाखरं दक्षिणेला निघतात, आणि आमच्या चुम्फोनला जमीन अशी चिंचोळी होते की समुद्र टाळणाऱ्या त्या साऱ्या पाखरांना खाओ लोमच्या टेकडीवरून जाण्यावाचून गत्यंतर नसतं. दर वर्षी रजा काढून मी तिथं जाऊन बसते. आभाळ कोरं असतं, सगळे कंटाळलेले असतात, कुणी शेंगा फोडत असतं, आणि मी म्हणते, "ठिपका." मग माझ्या बोटाच्या रोखानं दुर्बिणी वळतात आणि बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हणतं, हो की. त्या 'हो की'साठी मी वर्षभर दात रंगवते असं म्हटलं तरी चालेल. लग्न केलं नाही, खोली भाड्याची, आईवडील गेले. माझं म्हणावं असं माझ्याकडे जे काही आहे ते डोळ्यांच्या या दोन खोबणींत आहे.

डोळ्यांची डॉक्टरीण पोरगेली होती, पण बोलायला धीट. तिनं थेंब घातले, दिवा मारला, आणि म्हणाली, "डोळ्यात आत एक घट्ट पेजेसारखं पाणी असतं, मावशी. वयाबरोबर त्यात गुठळ्या होतात. त्या तुम्हाला दिसतात. एकदोन असतील तर असू देत, सवय होईल." मी विचारलं, गावी जाऊ ना? पाखरं बघायला? ती म्हणाली, खुशाल जा. मग मी पर्स उचलून उठले तेव्हा तिनं मला पुन्हा खाली बसवलं. "एक मात्र ध्यानात ठेवा. एकदम थवाच दिसायला लागला आणि डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखं झालं, तर हातातलं काम टाकायचं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आतला पडदा फाटलेला असतो. उद्या जाऊ म्हणाल तर डोळा गेला." थवा हा शब्द तिनं सहज वापरला होता, पण मला हसू आलं. "हसण्यावारी नेऊ नका," ती म्हणाली. मी नेलं नाही. फक्त त्या पहिल्या ठिपक्याला मी 'भाडेकरू' असं नाव ठेवलं आणि तो माझ्याबरोबर रेल्वेनं चुम्फोनला आला. खिडकीबाहेर दिवसभर भाताची शेतं, मिठागरं, मग रबराच्या झाडांच्या रांगा, आणि त्या सगळ्यावरून, डब्याच्या वेगाशी काही देणंघेणं नसल्यासारखा, तो तरंगत होता. रेल्वेत मला नेहमीच अर्धवट झोप लागते. त्या झोपेत मला वाटत राहिलं की मी स्थिर आहे आणि सगळा देशच हळूहळू उत्तरेकडे सरकवला जातोय.

स्टेशनावर थावीन आला होता. हा पूर्वी रेल्वेत गार्ड होता, आता निवृत्त आहे आणि पावसाळा सरला की टेकडीवर असतो. पाखरं ओळखायला मीच त्याला शिकवलं, म्हणून माझ्याहून फार लहान नसूनही तो मला ताई म्हणतो आणि अहोजाहो करतो. थावीनसारखा भिडस्त माणूस मी पाहिला नाही. आमच्याकडे भीड सगळ्यांनाच असते, समोरच्याचं मन मोडू नये हे आईच्या दुधाबरोबरच पोटात जातं, पण थावीनच्या बाबतीत ते जरा जास्तच गेलं. गार्ड असताना झेंडी दाखवायची वेळ झाली तरी फलाटावरून धावत येणारी म्हातारी बघून हा गाडी थांबवून ठेवायचा, आणि मग स्टेशनमास्तर ओरडला की त्यालाही 'बरोबर आहे तुमचं' म्हणायचा. टेकडीच्या पायथ्याशी लम्यायची खानावळ आहे. तिथं तांदळाच्या शेवया आणि माशाची आमटी मिळते. त्या दिवशी आमटी इतकी तिखट झाली होती की थावीनच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. "कशी झालीय रे?" लम्यायनं विचारलं. "छान," तो नाक पुसत म्हणाला. "अजून घालू?" "घाल की." ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बघा ताई, याला विष वाढलं तरी हा दुसऱ्यांदा मागून घेईल. याच्या बायकोनं दिवस कसे काढले असतील!" थावीन हसला आणि त्यानं खरंच अजून घेतली.

टेकडीवर दोन ओटे आहेत. वरच्यावर कॉलेजची मुलं, परदेशी लोक, त्यांच्या मोठाल्या दुर्बिणी. खालचा आमचा, थावीनचा आणि माझा, झाडीच्या वर जेमतेम डोकं काढणारा. मोजणीचा नियम वर आणि खाली एकच, आणि तो बऱ्याच वर्षांपूर्वी मीच घालून दिलेला: एकानं पाहिलेलं पाखरू मोजायचं नाही. दुसऱ्यानं 'दिसलं' म्हटल्याशिवाय बोटातल्या यंत्राची कळ दाबायची नाही. दिवसभर रिकाम्या आभाळात बघत बसलं की एकट्या माणसाच्या डोळ्याला भुरळ पडते. त्याला हवं ते दिसायला लागतं. दोघांना एकदम भुरळ पडत नाही. जागा सांगायची ती मुठीनं: हात लांब धरायचा, मूठ वळायची, आणि म्हणायचं, पाण्याच्या टाकीपासून डावीकडे दोन मुठी, वर एक. ढगाच्या खुणेनं सांगायचं नाही, ढग आपल्या बोलण्यासाठी थांबत नाहीत. हा नियम आम्ही इतकी वर्षं पाळला की घरी बँकॉकमध्येसुद्धा मला एखादी गोष्ट एकटीनं पाहिली की ती पुरती पाहिल्यासारखी वाटत नाही.

पहिले काही दिवस आभाळ मळभाचं होतं. आभाळाचा तो रंग मला नीट माहीत आहे, म्हाताऱ्या माणसाच्या दातांचा असतो तो. वरच्या ओट्यावर मुलं पत्ते खेळत होती. आणि मला मात्र दिसत होतं. आधी एखादा, मग दोन, मग सुटेसुटे पण बरेच, टाकीच्या वर, रबराच्या झाडीच्या डोंगरामागं, इतके बारीक की दुर्बिणीत धरायला जावं तर निसटत. भाडेकरूला मी ओळखत होते, त्याची चाल मला पाठ झाली होती. हे त्याचे नव्हते. "ठिपका," मी म्हणायची, "टाकीच्या डावीकडे एक मूठ, वर तीन." थावीन दुर्बीण लावायचा. जरा वेळ जायचा. "दिसला, ताई." टक, कळ वाजायची. "अजून एक, त्याच्या मागं." "दिसला." टक. वर पत्ते खेळणाऱ्यांना काही दिसत नाही आणि आम्हाला दिसतंय, याचा मला पोरकट आनंद होत होता. मी म्हातारी होतेय आणि माझी नजर धारदार होतेय, असं कुठं होतं का? पण होत असावं, असं वाटायचं. आयुष्यभर एकाच गोष्टीकडे बघत राहिलं तर शेवटी तीच गोष्ट माणसाकडे यायला लागत असेल. दुपारी थावीन केळी सोलून द्यायचा, ती इथली बोटाएवढी गोड केळी, आणि मी डोळे मिटून खायची, तर मिटल्या डोळ्यांआडही काहीतरी हललेलं असायचं. दिवसभर पाखरं पाहिली की असं होतंच. पाखरं बघणाऱ्या कुणालाही विचारा.

मग एका सकाळी पाऊस थांबला. झाडांतून वाफा निघू लागल्या, ऊन कडक पडलं, आणि आभाळ असं निवळलं की मला त्याचा रंग सांगता येईना. आम्ही बसलो तोच उजवीकडे आखातावर वीज चमकली. आवाज आला नाही. पुन्हा चमकली, बारीक, चंद्रकोरीसारखी वाकडी. "पाऊस परत येतोय की काय," मी म्हटलं. "येईल, येईल," थावीन म्हणाला. आणि तेवढ्यात ते आले. कुठून आले ते मला कळलंच नाही. समोरच्या डोंगराच्या खांद्यावरून कुणी मूठभर काळे तीळ उधळावेत तसे ते वर आले, आणि मग तीळ संपेनात. शेकडो, हजारो, मला मोजताच येईना. फिरत होते, एकमेकांतून जात होते, सगळे मिळून एक उंच खांब होऊन सावकाश वर चढत होते, आणि खांबाच्या आत धाग्यासारखं काहीतरी वळत होतं, जाळं धरल्यासारखं, की ते सगळे एकमेकांना बांधलेले असावेत. इतकी वर्षं बसले पण असा थवा मी पाहिला नव्हता. काळे बाज असतील? शिक्रे? मी दुर्बीणही उचलली नाही. दुर्बिणीत आभाळ छोटं होतं. "थावीन," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला, "थावीन, दिसतायत का रे?" "दिसतायत, ताई," तो म्हणाला. "बापरे. केवढे आहेत." टक टक टक टक, त्याचं यंत्र वाजू लागलं. मला रडू फुटलं. लाज वाटायचं कारण नव्हतं, थावीनला माझं रडणं माहीत आहे. मला वाटलं, झालं, आता दात नाही रंगवले तरी चालेल, बँकॉकला नाही गेलं तरी चालेल. खांब आता माझ्या डोक्यावर आला होता. मी मान हलवली की तो जरासा झुलायचा, पाण्यातल्या गवतासारखा, आणि मी त्याच्या तळाशी बसले होते. कुठलाच आवाज नव्हता. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही.

घामाचा थेंब भुवईवरून ओघळून उजव्या डोळ्यात गेला. झोंबला म्हणून मी तो डोळा मिटला आणि हातानं चोळू लागले. डावा उघडा होता. डाव्या डोळ्यासमोर आभाळ होतं. निळं, धुतलेलं, आणि त्याच्यात फार उंचावर एकच मोहोळघार, एकटी, आपल्या वाटेनं जाणारी. बाकी काही नव्हतं. मी चोळायचं थांबले. हात तसाच डोळ्यावर ठेवून मी म्हटलं, "अजून चढतायत का रे?" "चढतायत, ताई," थावीन म्हणाला. "कुठवर आलेत?" त्यानं दुर्बीण जरा वर उचलली. "पार वर," तो म्हणाला. "बघा ना, केवढे सुंदर दिसतायत."

आणि तो 'दिसतायत' मला ओळखीचा वाटला. तो स्वर माझाच होता. चुम्फोनच्या आमच्या जुन्या घरी मागच्या ओसरीवर आई बसायची, शेवटच्या वर्षांत, मांडीवर सूप घेऊन. "पोरी, आज किती पाखरं आलीत बघ," ती म्हणायची आणि अंगणात मुठीमुठीनं तांदूळ फेकायची. अंगणात एक कोंबडीसुद्धा नसायची. मी बँकॉकहून रजेवर आलेली असायची, माझी बहीण स्वयंपाकघरात असायची. आम्ही दोघी म्हणायचो, "हो आई, दिसतायत की. केवढी आलीत!" म्हाताऱ्या आईला नाही कोण म्हणणार? शेजारणी म्हणायच्या, पोरी गुणाच्या आहेत, आईचा शब्द खाली पडू देत नाहीत. भिक्खूंना विचारलं तर ते म्हणाले, पितरं पाखरांच्या रूपानं येत असतील, घाला तांदूळ. आम्ही तांदूळ आणून ठेवत होतो. आईचा चेहरा त्या दिवसांत असा उजळलेला असायचा की आम्हालाही बरं वाटायचं. मग एक दिवस ती म्हणाली, एका डोळ्यात खालून काळं पाणी चढतंय, आणि मग त्या डोळ्यात काहीच राहिलं नाही. आम्ही म्हटलं, वय झालं. मोतीबिंदू असेल म्हटलं. नशीब म्हटलं. तिच्या पाखरांना आम्ही इतकं 'हो' म्हटलं होतं की तिला डॉक्टरकडे नेण्यासारखं काही घडतंय हे आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही. आणि मला आता, या ओट्यावर, हाताखाली डोळा धरून बसल्यावर कळत होतं की तिला खरंच दिसत होती. हीच. हीच पाखरं दिसत होती तिला, आणि तीही एकटीच त्यांच्या तळाशी बसलेली होती.

"थावीन," मी म्हटलं, "खरं सांग. तुला काय दिसतंय?"

"थवा, ताई."

"थावीन."

त्यानं दुर्बीण खाली घेतली. त्याचे कान लाल झाले होते. "एक मोहोळघार आहे," तो म्हणाला. "बाकी मला नाही दिसत. काल पण नाही दिसले. परवा पण." मग घाईनं, "पण ताई, मला वाटलं माझेच डोळे अधू झाले! तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. तुमच्या डोळ्याला मी कोण नाही म्हणणार? आणि तुम्ही एवढ्या खूश होता. मी म्हटलं, जाऊ दे, आपण कळ दाबावी."

"नियम काय आहे आपला?"

"दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय मोजायचं नाही."

"मग?"

"मग काय, ताई," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला, "मी कुत्रा आहे."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओरडता आलं नाही. माझ्या आईच्या अंगणात मी जे केलं तेच त्यानं केलं होतं, आणि तितक्याच प्रेमानं. मी त्याला डॉक्टरणीचं सगळं सांगितलं, थवा, वीज, त्याच दिवशी. त्याचा चेहरा पांढरा पडला. कुठला पांढरा ते मला बघताक्षणी कळलं, याचंही त्या क्षणी हसू आलं. तो सामान भरू लागला, डबा, पाण्याची बाटली, केळी, सगळं एकातएक कोंबत. "लम्यायची गाडी आहे खाली," तो म्हणत होता, "मी चालवतो, तासाभरात दवाखाना, ताई उठा, ताई चला." आणि मी उठले नाही. हे मी सांगते आहे ते यासाठी की तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते. मी हात काढला आणि उजवा डोळा उघडला. ते सगळे तिथंच होते. माझ्यासाठी थांबलेले. आता मला माहीत होतं ते काय आहेत, आणि तरी ते कमी सुंदर झाले नव्हते. मी या टेकडीवर जे काही बघायला येत आले होते ते यापेक्षा वेगळं काय होतं? खाली उतरलं की दिवे, सुया, ऑपरेशन, मग पालथं झोपवून ठेवणं, आणि हे गेलेलं असणार. उतरलं नाही तर अजून थोडा वेळ हे आहे. संध्याकाळपर्यंत असेल. आई हसत होती त्या दिवसांत, खूप हसत होती. "एवढं बघून घेते," मी म्हटलं. थावीन पिशवी छातीशी धरून माझ्यासमोर उभा राहिला. त्याला मला ओढून न्यायचं होतं आणि त्याच्या हातून ते होत नव्हतं, मोठ्या बहिणीच्या दंडाला हात घालायचा म्हणजे त्याच्या जन्मात बसणारी गोष्ट नव्हती. तो नुसता उभा होता. मग नाकाच्या बाजूनं, खालच्या कोपऱ्यात, मला एक काळी कड दिसली. ती हलत नव्हती, तरंगत नव्हती. मी डोळा फिरवला तरी ती तिथंच राहिली. खांबाचा तळ तिच्यात बुडालेला होता.

मी उठले. "एक वचन दे," मी म्हटलं. "इथून पुढं मला जे आहे ते आहे म्हणायचं आणि नाही ते नाही. माझ्या भिडेखातर एक शब्द खोटा बोलायचा नाही. बोललास तर मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही." "देतो," तो म्हणाला. "गळ्याची शपथ घेऊ?" "शपथ नको. नीट वाग म्हणजे झालं."

टेकडीच्या पायऱ्या सिमेंटच्या आहेत, ओल्या असल्या की घसरतात. थावीन पुढं, त्याच्या खांद्यावर माझा हात. वरची झाडी मागं राहिली आणि आम्ही उघड्या सोंडेवर आलो, जिथून दोन्ही बाजूंची दरी दिसते. मी मात्र मान वर करत नव्हते. डॉक्टरीण सांगायची विसरली होती तरी मला वाटत होतं की डोकं हलवू नये, भरल्या हंड्यासारखं न्यावं. डोळ्यांसमोर माझी पाखरं पायऱ्यांवर उतरली होती, मी ज्या पायरीकडे बघेन तिच्यावर. मला दवाखान्याची भीती वाटत होती. ती भीती आता पोटात नीट बसली होती आणि तिच्यामुळे मी चालत होते. थावीन दर पायरीला "आली," "आली," असं म्हणत होता, गाडी फलाटाला लावताना म्हणत असेल तसं.

मग माझ्या पायाशी एक सावली सरकली. रुंद, गोलसर पंखांची, दोनदा फडकून थांबलेली. ती उजवीकडून आली, पायरीवरून गेली, थावीनच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर एकदा मोडली आणि दरीत उतरली. मी थांबले. माझ्या पाखरांना सावली नव्हती. दुसरी आली, तिसरी, मग एकदम पाचसहा, एकमेकींना ओलांडत, सिमेंटवरून, गवतावरून, माझ्या हातावरून. काळे बाज, आणि अगदी खालून जाणारे, झाडाच्या शेंड्यांना लागून. वर्षातून एखादेच दिवशी जातात असे खालून. वरच्या ओट्यावरचे पत्ते आता बंद झाले असतील. थावीनचा खांदा माझ्या हाताखाली ताठ झाला. त्याची मान मागं गेली, टोपी घसरली, आणि तो तसाच राहिला, तोंड उघडं टाकून, वर बघत. सावल्या त्याच्या चेहऱ्यावरून जात होत्या.

मी मान वर केली नाही. "थावीन," मी म्हटलं, "वर काही आहे का रे?"

त्यानं टोपी सारखी केली.

"नाही, ताई," तो म्हणाला. "काही नाही. आभाळ रिकामं आहे. पायरी बघा तुम्ही."

इतक्या सावल्या जात होत्या की पायरी मधूनच काळी, मधूनच उजळ होत होती. आयुष्यात तो पहिल्यांदा आपणहून कुणाला नाही म्हणत होता, आणि तेही खोटं. थांबून वर पाहिलं असतं तर मी तिथून हलले नसते, हे त्याला माहीत होतं.

"बरं," मी म्हटलं, आणि त्याच्या खांद्यावरचा हात घट्ट करून पुढच्या पायरीवर पाऊल ठेवलं.